कित्वेतला जून महिना

आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी. झांबियातलं कित्वे विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १३ अंशांवर आहे, त्यामुळे तुमच्याकडे पावसाची वाट बघणं चालू असतं तेव्हा इथे स्वेटर निघतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच, म्हणून पहाटे पारा ७-८ अंशांपर्यंतही उतरतो. ढग नाहीत, वारा नाही, फोटोत बघितलं तर सुंदर दिवस. आणि याच दिवसांत माझ्या मुलीला खोकल्याची उबळ यायला लागते.

पहिल्या वर्षी मी सगळा दोष खाणीला दिला. हा कॉपरबेल्ट, तांब्याचा पट्टा: कित्वे, मुफुलिरा, चिंगोला, लुआन्शा अशी गावं खाणींभोवतीच वाढली. इथलं बरंचसं तांबं गंधकाशी जखडलेलं असतं. चाल्कोपायराइट या खनिजात तर जवळजवळ तांब्याइतकंच गंधक, वजनाच्या सुमारे ३५ टक्के. भट्टीत ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो. मुफुलिरातली माणसं त्या वायूला 'सेंटा' म्हणतात. एखाद्या वायूला लोकांनी घरगुती नाव ठेवावं, इतका तो त्यांच्या घशात आणि गंजलेल्या पत्र्यांवर बसलेला आहे. २०१४ मध्ये तिथल्या स्मेल्टरची, म्हणजे खनिज वितळवून तांबं काढणाऱ्या कारखान्याची, सुधारणा पूर्ण झाली आणि बराचसा वायू अडवून त्याचं गंधकाम्ल करायला लागले. ते आम्ल दुसऱ्या प्रकारच्या खनिजातून तांबं विरघळवून काढायला इथेच लागतं.

पण जूनची गोष्ट एकट्या धुरांड्याची नाही. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने गार होते, तिला चिकटलेली हवाही गार होते आणि वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. शाळेत भूगोलात 'तापमानाची विपरीतता' पाठ केली होती, ती इथे डोळ्यांनी दिसते. सहा-साडेसहाला अंगणात उभं राहिलं की घरांच्या छपरांच्या थोडं वर धुराचा एक सपाट थर असतो, जणू कुणी चादर ताणून धरली आहे. ऊन चढून जमीन तापेपर्यंत तो हलत नाही. तोवर जे जे जळेल ते खालीच राहतं: गाड्यांचा धूर, पेटवलेला कचरा आणि सगळ्यात जास्त म्हणजे बाउला.

बाउला म्हणजे लाकडी कोळशाची पत्र्याची शेगडी. बहुतेक घरांत स्वयंपाक तिच्यावर आणि थंडीत ऊबही तिचीच. इथली बरीचशी वीज करीबा धरणाच्या पाण्यावर होते; २०२४ च्या दुष्काळात त्या जलाशयातलं पाणी खूप खाली गेलं, वीज तासन्‌तास नसायची. मग ज्यांच्याकडे विजेची शेगडी होती त्यांच्या दारातही कोळशाची पोती आली. आमच्याही.

बाउला बाहेर पेटवतात, धूर जाऊन निखारे लाल झाले की आत आणतात. धूर नाही म्हणजे आता भीती नाही, असं मलाही वाटायचं. खरं तर धगधगत्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. दारं-खिडक्या बंद करून बाउला शेजारी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, आणि हे थंडीतच घडतं. मला हे शेजारच्या मायोंनी सांगितलं. इथे वडीलधाऱ्या बाईला 'मायो' म्हणतात, आपल्या 'माय'च्या किती जवळचा शब्द! मुलीच्या खोलीत बाउला बघितल्यावर त्यांनी काही न बोलता ती उचलून अंगणात नेली, मग परत येऊन मला समोर बसवलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता तो बोलणं संपेपर्यंत सुटला नाही.

ऑगस्टमध्ये वारा सुटतो. चादर फाटते, पण धूळ उडते: तांबड्या रस्त्यांची, आणि खनिज काढून उरलेल्या बारीक गाळाच्या बांधांवरचीही. तो गाळ ओला असतो तोवर गप्प असतो, वाळला की पिठासारखा उधळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवताला वणवे लागतात, दोरीवरच्या कपड्यांवर काळी जळकी पाती येऊन पडतात. जॅकरंडा याच दिवसांत फुलतो, त्या जांभळ्या रंगामागचं आभाळ मात्र मळकट असतं. नोव्हेंबरच्या आसपास पाऊस लागला की दोन-चार सरींतच दूरच्या टेकड्या दिसायला लागतात. मार्चपर्यंत मुलीचा इन्हेलर कपाटात पडून राहतो.

सध्या जून आहे. सकाळचं फिरणं मी संध्याकाळी चारवर नेलंय, तेव्हा हवा वरपर्यंत मोकळी झालेली असते. खिडक्या दहानंतर उघडते. शाळा मात्र सातलाच भरते, ऐन चादरीखाली. पुढच्या पालकसभेत मी निदान जून-जुलैपुरतं मैदानावरचं खेळणं शेवटच्या तासाला ठेवा म्हणून सांगणार आहे. मायो सोबत येते म्हणाल्यात, त्यांचे दोन नातू त्याच शाळेत आहेत.