पूर १९६१, शेवटची पाने नाहीत

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही जिन्याखालच्या खोलीसमोर रांग लावायचो. 'ग्रंथालयात जातो' असं कुणी म्हणत नसे. 'पुस्तक बदलायला जातो' असंच म्हणायचे. मी १९८३ साली दहावी होऊन बाहेर पडलो, पण हा शब्दप्रयोग अजून माझ्या तोंडातून गेलेला नाही. बुधवार चौकाजवळच्या पुणे नगर वाचन मंदिरात जायला निघालो की आजही घरात 'पुस्तक बदलून येतो' म्हणतो.

खिडकीच्या आत ग्रंथालयाच्या बाई बसत. परत केलेलं पुस्तक हातात घ्यायच्या, पानं फरफर चाळून कुठे कोपरा दुमडलाय का ते बघायच्या आणि मान वर न करता विचारायच्या, "कुणाला सांगितलंस?"

'आवडलं का?' असं त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही. त्याला 'हो' म्हटलं की सुटका होते. इथे नाव सांगावं लागे. "कुणाला नाही" म्हटलं, तर "मग मला सांग" म्हणून बाई पेन खाली ठेवत आणि मागची सगळी रांग खोळंबून राही. त्यामुळे शुक्रवारपर्यंत प्रत्येक जण गिऱ्हाईक शोधत असे. डबा खाताना, नळावर, घरी जाताना लकडी पुलाच्या कठड्याला टेकून आम्ही एकमेकांना पुस्तकं सांगितली. सांगता सांगता वाद व्हायचे, कारण ऐकणाऱ्याने तेच पुस्तक आधी वाचलेलं असायचं आणि त्याला त्यातलं भलतंच काही लक्षात राहिलेलं असायचं.

एकदा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरून वाद पेटला. बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवन शाळेत. एक म्हणाला, फुरसुंगी खरं आहे तर घरही असणारच. दुसरा म्हणाला, गाव खरं, पोरगा खोटा. रविवारी आम्ही तिघांनी तासावर सायकली घेतल्या आणि सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून फुरसुंगी गाठलं. देवळाच्या पारावर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, "फेण्यांचं घर कुठे आलं?" त्यांनी बराच विचार केला. "फेणे? कुठल्या आळीचं म्हणायचं?" आम्ही पुस्तकातला म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, "मंग सांगा की काय केलंय त्यानं." आम्ही आळीपाळीने अख्खं पुस्तक सांगितलं. ते मध्येच थांबवून विचारत होते, "आन् मंग?" शनिवारी बाईंना सांगितलं, फुरसुंगीच्या आजोबांना सांगितलं. बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आपली शाळा नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं धरण गेलं आणि पुराचं पाणी पेठांत शिरलं, तेव्हा शाळेची तळमजल्यावरची कपाटंही पाण्यात होती. त्यातली काही पुस्तकं उन्हात वाळवून परत फळीवर ठेवलेली होती. आम्हाला ती लांबूनही ओळखू यायची. फुगलेली, पुठ्ठा वाकलेला, आणि प्रत्येक पानावर एकाच उंचीला एक तपकिरी रेघ, पाणी जिथवर चढलं तिथवर. पान नखाने खरवडलं तर बारीक गाळ निघायचा. दाखल नोंदवहीत अशा पुस्तकांपुढे शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने 'पूर १९६१' लिहिलेलं असे.

सातवीत माझ्या वाट्याला 'बनगरवाडी' आलं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, म्हणजे प्रत पुराच्या आधीचीच. शेऱ्यात 'पूर १९६१' च्या पुढे आणखी लिहिलं होतं, 'शेवटची पाने नाहीत'. गाळाने चिकटलेली ती पानं सोडवताना फाटली होती. बाई म्हणाल्या, "नेतोस का बघ. शेवट नाहीये त्यात." मी नेलं. मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, आधी शाळेत पोरं नाहीत, मग हळूहळू येतात, वाडी त्याला आपला म्हणते, हे सगळं मी दोन दिवसांत वाचलं. पुढे पाऊस पडेना, आणि तिथेच पुस्तक तुटलं.

शनिवारी मी हिरमुसून उभा होतो. खिडकीपाशी आमचे शिपाईमामा घंटेची दोरी गुंडाळत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "मामा, ह्याला बनगरवाडीचा शेवट सांगा."

मामांनी ते वाचलं होतं हे मला माहीत नव्हतं. ते आटपाडीकडचे, माडगूळकरांचं माडगूळ त्यांच्या गावापासून काही कोसांवर. माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात काम करत, ते 'आपल्याकडलं माणूस' म्हणून मामांनी पुस्तक मागून घेतलं होतं, तेही दुसरीकडून, सगळी पानं असलेलं. दोरी बाजूला ठेवून ते पायरीवर बसले. मी त्यांच्या खालच्या पायरीवर.

"पाऊस न्हाई म्हंजे चारा न्हाई," मामा म्हणाले. "चारा न्हाई म्हंजे मेंढरं न्हाईत. मेंढरं घेऊन माणसं उठत्यात. एक घर उठलं की दुसरं. कुणी कुणाला इचारत न्हाई. दाराला कडी घालायची आन् चालाय लागायचं." मग घरामागून घर ते सांगत गेले. कुणी जातं मागे ठेवलं, ते वाहायला जड म्हणून. कुणी दाराची फळी काढून नेली. एका घरचं कुत्रं उंबऱ्यात बसून राहिलं, हाक मारली तरी उठेना, आणि वळून बघितलं तर तिथेच. "आन् मास्तर?" मी विचारलं. मामा म्हणाले, "मास्तर काय करील? पोरं न्हाईत तर साळा कुणाची?"

आणि ते उठले, कारण फाटक लावायची वेळ झाली होती.

पुढे अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'बनगरवाडी'ची धड प्रत मिळाली. तेव्हा मी कॉलेजात होतो. शेवटची पानं रस्त्यातच उभं राहून वाचली. दुष्काळ होता, वाडी उठून गेलेली होती, रिकामी शाळा होती आणि मास्तरही निघाला होता. मामांनी सांगितलेलं उंबऱ्यातलं कुत्रं मात्र नव्हतं, जातंही नव्हतं. मी मागे जाऊन पुन्हा पुन्हा शोधलं. मग लक्षात आलं की मामा पुण्याला आले ते १९७२ च्या दुष्काळात. आधी वर्षभर दुष्काळी कामावर खडी फोडली आणि मग घराला कडी घालून निघाले, हे त्यांनी कधीतरी आम्हाला सांगितलेलं होतं. पायरीवर बसून त्यांनी मला दोन शेवट एकत्र सांगितले होते. कुठे पुस्तक संपलं आणि कुठे त्यांचं गाव सुरू झालं, तो सांधा मला अजून सापडत नाही. माडगूळकरांचं लिखाण इतकं खरं आहे की त्यात एका माणसाचं घर सहज मावलं, असं मला वाटतं. मामांना हे सांगायला मी शाळेत आलो, तोवर ते निवृत्त होऊन गावी गेले होते.

बाईंबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. आमच्या वर्गातल्या एकाची आई सहावीच्या सुट्टीत गेली. पुढच्या वर्षी त्याने 'श्यामची आई' नेलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक प्रकरणांत नाही, रात्रींत विभागलेलं आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. पुढच्या शनिवारी मित्राने अर्ध्यात दोरा घातलेलं पुस्तक खिडकीत ठेवलं आणि म्हणाला, "मला पुढं नाही वाचायचं." रांगेत सगळे गप्प. बाईंनी त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. दोरा तसाच ठेवून पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "असू दे. मी हे कपाटात डाव्या कोपऱ्यात ठेवते." वर्षभर ते तिथे होतं. गेल्या महिन्यात फोनवर मी त्याला विचारलं. म्हणाला, अजून नाही वाचलं, पण कोपरा आठवतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत आलो होतो. ग्रंथालय आता पहिल्या मजल्यावर आहे, भरपूर उजेड आहे, 'बनगरवाडी'च्या दोन कोऱ्या प्रती आहेत. पुराची प्रत केव्हाच निर्लेखित झाली, म्हणजे नोंदवहीतून कमी झाली. तिच्या जागी मी माझी अप्पा बळवंत चौकातली प्रत देऊन आलो आहे. शेवटच्या पानांच्या समासात मामांचा शेवट आठवेल तसा पेन्सिलीने लिहिला आहे, कुत्र्यासकट. सध्याच्या ग्रंथपाल बाईंनी दाखल क्रमांक टाकला आणि शेऱ्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, लिहा, 'शेवट दोन'.