तुम्ही विचारलंत म्हणून: धिप्पाड माणसाला ठोसा कमी लागतो का?

माझं वजन १०४ किलो आणि मी बरीच वर्षं बॉक्सिंग खेळलो, हे कळलं की समोरचा माणूस मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि हमखास विचारतो, "म्हणजे तुम्हाला ठोसा लागतच नसेल, नाही का?" पूर्वी मी नुसतं हसायचो. आता एकदाच नीट सांगून टाकतो.

मला आयुष्यात एकदाच खरंखुरं लोळवलं, तेही ६४ किलोच्या मुलाने. साधं स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत होती, डोक्याला हेडगार्ड, हातात जाडजूड ग्लोव्ह्ज. मी त्याच्यावर चालून जात होतो, कारण त्याचे ठोसे मला खरंच फारसे जाणवत नव्हते. कोपऱ्यातून कोच काहीतरी ओरडले, मी क्षणभर तिकडे कान दिला आणि त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हनुवटीच्या टोकाला बसला. दुखलं अजिबात नाही, हे कुणालाच पटत नाही. मला फक्त एवढंच कळलं, की आपण बसलेलो आहोत आणि समोर दोऱ्या आहेत. पाय माझे होते, पण ऐकत नव्हते.

नॉकआउट म्हणजे डोकं जोरात आपटणं नव्हे, डोकं जोरात फिरणं. दार ढकलताना बिजागरीजवळ हात लावला तर ते जड लागतं, कडीजवळ लावला तर बोटानेही फिरतं. हनुवटी ही डोक्याची कडी. तिथे बाजूने ठोसा बसला की कवटी गर्रकन वळते, आतला मेंदू किंचित मागे राहतो आणि या ओढाताणीत मज्जातंतू ताणले जातात. आता गंमत अशी, की ५० किलोच्या बॉक्सरचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो आणि माझाही तेवढाच. व्यायामाने दंड भरतात, मांड्या भरतात, पाठ रुंद होते. मेंदूभोवती मात्र कुणाला स्नायू चढत नाहीत.

मग देहाचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो मुख्यतः मानेत आहे. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान सैल असली तर ठोसा खाणारं वजन तेवढंच. मान आणि खांदे वेळेवर आवळले तर डोकं धडाशी जखडलं जातं आणि ठोशाला सगळ्या देहाला हलवावं लागतं. जाड, आखूड मानेचा माणूस इथे फायद्यात असतो. पण यातला ‘वेळेवर’ हा शब्द फार महाग आहे. मान आवळायची तर ठोसा येताना दिसायला हवा. बॉक्सर म्हणतात ना, की जोराचा ठोसा पाडत नाही, न दिसलेला पाडतो. माझी मान चांगली १८ इंची होती. त्या क्षणी ती कोचकडे वळलेली होती, एवढंच.

आकाराच्या जोरावर मार पचत असता तर १९१९ साली अमेरिकेतल्या टोलीडोमध्ये जेस विलार्ड हरलाच नसता. साडेसहा फुटांचा, १११ किलोचा विश्वविजेता, आणि समोर जेमतेम ८५ किलोचा जॅक डेम्प्सी. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली गेला. १९३४ मध्ये सुमारे ११९ किलोच्या प्रिमो कार्नेराला मॅक्स बेअरने एकाच लढतीत दहा-अकरा वेळा पाडलं. विलार्ड आणि कार्नेरा दोघेही दर वेळी उठले, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पण तो धीर झाला, सहनशक्ती नव्हे.

आणि दुसरी बाजू अशी, की मोठ्या माणसाला ठोसे मारणाराही मोठाच असतो. वजन वाढतं तसा ठोशाचा जोर वाढतो, हनुवटी आहे तिथेच राहते. व्यावसायिक लढतीत साधारणपणे वेल्टरवेट गटापर्यंत (सुमारे ६७ किलो) ८ औंसांचे ग्लोव्ह्ज असतात आणि त्यावर थेट सगळ्यात जड हेवीवेट गटापर्यंत १० औंसांचे. म्हणजे ५० किलोच्या जोडीला सुमारे २२७ ग्रॅमचा ग्लोव्ह आणि ११०-१२० किलोच्या जोडीला २८३ ग्रॅमचा. माणूस दुप्पट झाला, गादी मात्र पाव हिश्शानेच वाढली. हेवीवेटच्या लढती एका ठोशात संपतात त्या उगाच नाही.

वजन चढवून हनुवटी, म्हणजे ठोसा सोसण्याची ताकद, सुधारते का, असंही तरुण पोरं विचारतात. ब्रिटिश बॉक्सर आमिर खान २००८ मध्ये लाइटवेटला, म्हणजे ६१ किलोंच्या गटात, ५४ सेकंदांत हरला. आठ वर्षांनी अंगावर नऊ-एक किलो जास्त घेऊन तो मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझसमोर उभा राहिला आणि सहाव्या फेरीत एका उजव्या हाताने आडवा झाला. हनुवटी तीच होती, समोरचा हात मात्र जड झाला होता.

याच्या नेमकी उलटी गोष्ट फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओची. १९९९ मध्ये तो ५०.८ किलोच्या फ्लायवेट गटात वजन उतरवता उतरवता मेटाकुटीला आला होता. काट्यावरच वजन जास्त भरलं, किताब तिथेच गेला आणि लढतीत तिसऱ्या फेरीत पोटात ठोसा खाऊन तो बसला. त्यानंतर वरच्या गटांत जात राहिला, माणसं मोठी होत गेली आणि तरीही २०१२ पर्यंत त्याला कुणी नॉकआउट करू शकलं नाही. तेव्हाही मार्केझने ज्या ठोशाने त्याला पाडलं, तो ठोसा त्याला दिसला नव्हता. तो स्वतःच त्यात धावत शिरला. माझ्या मते यातून एकच दिसतं: मोठं असण्यापेक्षा उपाशी, कोरडं नसणं जास्त कामाचं. बॉक्सर काट्यावर चढण्याआधी अंगातलं पाणी काढतात, जिभेला ओल राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उभे राहतात. मी भारी गटात असल्यामुळे हा छळ मला फारसा सोसावा लागला नाही. आकाराचा मला मिळालेला सर्वांत मोठा फायदा कदाचित हाच.

पोटाचं गणित जरा वेगळं. तिथे अस्तराचा थोडाफार उपयोग होतो, हे मी पोटावर हात ठेवून सांगतो. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली पोट सुटलेल्या अँडी रुइझने पिळदार अँथनी जोशुआला चार वेळा पाडलं, तेव्हा माझ्यासारख्यांना फार बरं वाटलं होतं. पण उजव्या बरगडीखाली यकृत आहे आणि तिथे डावा हुक नेमका बसला की अस्तरबिस्तर काही चालत नाही. आधी काहीच होत नाही. मग सेकंदभराने श्वास अडकतो आणि गुडघे आपोआप टेकतात. २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला रिंगमध्ये असंच बसवलं. शुद्ध पूर्ण होती, उठता मात्र आलं नाही.

खरं सांगायचं तर मला काळजी वाटते ती न पडणाऱ्यांची. १९८२ मध्ये कोरियाचा लाइटवेट बॉक्सर किम दुक-कू लास वेगासमध्ये चौदाव्या फेरीपर्यंत मार खात उभा होता आणि काही दिवसांत गेला. हलक्या गटात एक ठोसा पाडत नाही, म्हणून शेकडो बसतात. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. जेरी क्वारी हेवीवेट होता, मार खाऊन पुढे येण्यासाठीच लोकांना आवडायचा. शेवटच्या वर्षांत त्याला कपडे घालायलाही मदत लागायची. १९९९ मध्ये तो गेला तेव्हा ५३ वर्षांचा होता.

त्या दिवशी मी खाली बसलो, उठलो आणि लगेच ग्लोव्ह्ज आपटून तयार झालो. कोचनी स्पॅरिंग थांबवलं आणि महिनाभर मला रिंगमध्ये चढू दिलं नाही. मी वाद घातला, "सर, मला काहीच दुखत नाहीये."

"अरे, दुखत नाही म्हणूनच," ते म्हणाले आणि माझं हेडगार्ड काढून घेऊन गेले.