कागदावरचं नाव

"अगं, सरकारकडे एवढे कागद असताना म्हाताऱ्या माणसांपुढे रेकॉर्डर धरून कशाला बसतेस?" न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला लागल्यापासून हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

कागद आहेत, भरपूर आहेत. बोटींच्या प्रवासी याद्या आहेत. शिरगणतीची पानं आहेत. ती 72 वर्षांनी खुली होतात, त्यामुळे सध्या 1950 पर्यंतची वाचता येतात. 1939 ते 1941 या काळात करआकारणीसाठी शहरातल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीचा फोटो काढला गेला, तेही आहेत. एखाद्या फोटोत दुकानाची पाटी वाचता आली की माझा अख्खा दिवस बरा जातो. या कागदांवर माझा जीव आहे, पण भरवसा नाही.

अमेरिकेने 1882 मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दारं बंद केली. 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत सान फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेक चिन्यांनी "आम्ही इथेच जन्मलो", म्हणजे आम्ही इथले नागरिक, असं सांगितलं. नागरिकाच्या मुलांना येता येत असे, म्हणून त्यांनी नसलेले मुलगे नोंदवले आणि त्या मुलग्यांची नावं विकली. ती विकत घेऊन जे आले ते 'कागदी मुलगे'. अधिकारी त्यांची उलटतपासणी घेत: गावात तुमचं घर कितवं, विहीर कुठल्या बाजूला? मुलगे उत्तरं पाठ करून येत. त्या तपासण्यांच्या टंकलिखित फायली आजही जपून ठेवलेल्या आहेत. पानापानावर सही-शिक्का, आणि आतलं कुटुंब बनावट!

आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे जे खलाशी बोटीवरून उतरून इथेच गुपचूप राहिले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोर्तोरिकन किंवा काळ्या बायकांशी लग्नं करून स्थिरावले, त्यांच्या वंशाच्या रकान्यातही असाच गोंधळ. लिहिणाऱ्याला जे वाटलं ते त्याने लिहिलं.

अर्थात आठवणीही काही कमी थापा मारत नाहीत. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी होत असे. "एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं," हे मी कितीदा ऐकलं असेल! कारकुनासमोर बोट सुटली त्या बंदरात भरलेली यादी असे, तो ती पडताळून बघे. नवीन नावं ठेवत बसायला त्याला सवड नव्हती. नाव बहुतेकदा घरच्यांनीच पुढे कधीतरी बदललेलं असतं. सुरुवातीला मी एका आजोबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि पुढचा अर्धा तास फक्त हवापाण्यावर बोलले. चूक माझी होती. नाव आपणच सोडलं, हे त्या घराला का सांगवत नव्हतं, विचारायचं होतं ते हे.

आता मी दुरुस्त्या करत नाही. घरातली एखादी वस्तू दाखवा म्हणते, मग माणसं आपोआप बोलती होतात. एका चिनी बाईंनी वडिलांची इस्त्री बाहेर काढली. लाँड्रीवाले आपल्या धंद्याला 'आठ पौंडांची रोजीरोटी' म्हणत, ते इस्त्रीच्या वजनावरून. मी ती एका हाताने उचलायला गेले आणि मनगट लचकता लचकता राहिलं. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, वडील झोपेतसुद्धा उजवा खांदा पुढेमागे हलवायचे. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

मग त्यांनी वडिलांच्या थडग्याचा फोटो दाखवला. इंग्रजीत विकत घेतलेलं आडनाव, शेजारी चिनी लिपीत खरं. दोन्ही एकाच दगडावर. खरं नाव मोठ्याने उच्चारण्याआधी त्यांनी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. चिन्यांना दारं बंद करणारा तो कायदा 1943 मध्येच रद्द झाला होता आणि वडील जाऊनही कित्येक वर्षं लोटली होती, तरीही.

मी रेकॉर्डर बंद केला. त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणात तिथे मध्येच एक खटका ऐकू येतो, आणि त्यानंतर एकदम चहाबद्दलचं बोलणं.