बत्तीकडे बघणारे

दीपगृहावरचे दोन सिनेमे लागोपाठ बघितले आणि तेव्हापासून डोक्यात बत्तीच फिरते आहे. पावसाळ्यात आमच्या देवगडात संध्याकाळ लवकर घरात शिरते. आंब्याचा हंगाम आटोपलेला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. त्यामुळे आबाही घरात. आबा म्हणजे माझे सासरे, उभी हयात तांडेलकीत, म्हणजे मासेमारीच्या होडीचं सुकाणू सांभाळण्यात गेली. इंग्रजी त्यांना येत नाही, ते मी सांगते. समुद्राचं काही आलं की ते मला सांगतात.

पहिला सिनेमा ‘द लाइटहाऊस’, रॉबर्ट एगर्सचा, २०१९चा. कृष्णधवल, आणि चौकट जवळजवळ चौरस. १८९०च्या दशकातले दोन रखवालदार एका खडकाळ बेटावर चार आठवड्यांच्या पाळीला येतात, वादळामुळे बदलीची बोट येत नाही, आणि दोघांचीही डोकी ठिकाणावर राहत नाहीत. विलेम डफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन दोघांनी जीव ओतलाय. पण मला खिळवून ठेवलं ते त्यांच्या चेहऱ्यांनी. एकेक रंध्र, एकेक डाग इतका उठून दिसतो की अंगावर येतं. असं का म्हणून वाचत बसले. कॅमेऱ्याला खास फिल्टर लावून जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचा परिणाम साधलाय. त्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे कातडीतला लालसरपणा काळवंडतो आणि निळं आभाळ पांढरं पडतं. १९१३ साली फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हाच्या फिल्मचा स्वभाव असाच होता. तेव्हाचे नट तोंडाला एवढा रंग का फासत, त्याचं एक उत्तर मला इथे मिळालं.

म्हातारा रखवालदार तरुणाला वर बत्तीपाशी जाऊच देत नाही, किल्ली स्वतःपाशी ठेवतो. आबांना हे अजिबात पटलं नाही. मला मात्र बत्तीभोवतीच्या भिंगाच्या त्या काचेसाठी माणूस वेडा होईल हे पटलं. काय काच आहे ती! फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ फ्रेनेलने ती काढली, १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहावर पहिल्यांदा लागली. एवढ्या लांब उजेड फेकायचा तर भिंग प्रचंड जाड हवं, आणि जाड काच जड होते, उजेडही खाते. फ्रेनेलने ओळखलं की काम करतो तो काचेचा वळणदार पृष्ठभाग, आतला नुसता भरणा असतो. त्याने भरणा काढून टाकला आणि वळणं तेवढी कापलेल्या कांद्यासारखी वलयांत मांडली. तो गेला तेव्हा जेमतेम एकोणचाळीस वर्षांचा होता.

ही भिंगं टनावारी वजनाची. ती फिरवायची कशी? तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती पाऱ्याच्या कुंडात तरंगती ठेवू लागले. मग एवढं धूड बोटाने ढकललं तरी फिरायचं. पारा मात्र उघडा. त्याची वाफ हुंगत माणसं वर्षानुवर्षं त्या खोलीत काम करायची. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेवर जाते, चिडचिड, भास, कापरं भरणं ही त्याचीच लक्षणं. सिनेमात पाऱ्याचा उल्लेख नाही, तरी हे वाचल्यावर मी शेवटचा अर्धा तास परत लावून बघितला. एकांताने वेड लागतं हे आपण पटकन मानतो. वेड त्यांच्या हवेतही असू शकतं, हे मला जास्त भयानक वाटलं.

दुसरा, ‘द लाइट बिटवीन ओशन्स’, २०१६चा. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉम ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावर बत्ती सांभाळतो. दोनदा गर्भ गमावलेली त्याची बायको, आणि एक दिवस वाहत आलेली होडी. होडीत मेलेला माणूस आणि जिवंत तान्हं बाळ. बाळ ठेवून घेतात, माणसाला पुरतात. मी रडले. समुद्रावरचं चित्रण फार सुंदर आहे, संगीत जरा जास्त आहे.

आबांचे डोळे कोरडे. ते एकाच गोष्टीवर अडले होते: टॉमने दीपगृहाच्या नोंदींच्या वहीत होडीची नोंद केली नाही. “वहीत लिवक व्हया होता,” एवढंच परत परत. मग माझ्या लक्षात आलं की दोन्ही सिनेमे वहीवरच फिरतात. पहिल्यात म्हातारा वहीत तरुणाविरुद्ध लिहितो, त्याला पगार देऊ नका म्हणून. दुसऱ्यात लिहायचं ते लिहिलं जात नाही. माझं मन टॉमच्या बायकोकडे होतं, आबांचं बेपत्ता होडीची वाट बघणाऱ्या घराकडे. सिनेमात ती वाट बघणारी बाईही आहे, रेचेल वाइजने केलेली. तिच्या वाट्याला वेळ कमी आलाय.

आता माझी खरी शंका. दोन्ही सिनेमांत बत्तीचे झोत रात्रीच्या आभाळात काठीसारखे फिरताना दिसतात. आमच्या किल्ल्यातल्या दीपगृहाचे तसे दिसतात ते पावसात किंवा धुक्यात. झोत बाजूने दिसायला हवेत थेंब, धूळ, काहीतरी लागतं, ज्यावर उजेड आपटून आपल्याकडे वळेल. स्वच्छ रात्री झोत जवळपास दिसत नाही, दिसते ती चमक. आणि फिरत्या भिंगाच्या दीपगृहात ती चमक म्हणजे दिव्याची उघडझाप नव्हे. दिवा अखंड जळत असतो, भिंगाचं तोंड आपल्याकडे वळलं की लखकन दिसतं.

त्या चमकांचा प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा असतो, जवळच्या दोन बत्त्यांची गल्लत होऊ नये म्हणून. नकाशावर छापलेला असतो तो: अमुक सेकंदांत इतक्या चमका. मी आबांना विचारलं, चमका मोजायचात ना? तर म्हणाले, “उजेड नाय गो, काळोख मोजूचो.” दोन चमकांमधला काळोख. होडी हलत असते, लाट आड आली तर एखादी चमक चुकते, म्हणून तीन-चार फेऱ्या मोजून मगच नाव घ्यायचं. जीपीएस नव्हतं तेव्हाचं हे.

आणखी एक सांगितलं त्यांनी. बत्ती दिसण्याआधी तिची आभा दिसते. क्षितिजाखालून झोत फिरतो आणि तिथलं आभाळ उजळून विझतं. याचा हिशेबही सापडला. समुद्रसपाटीपासून ५० मीटर उंचीची बत्ती साधारण पंधरा सागरी मैलांवर, म्हणजे सत्तावीसेक किलोमीटरवर क्षितिजाला टेकते. होडीत उभं राहिलं तर डोळ्यांच्या उंचीमुळे आणखी दोन-तीन मैलांची भर. त्यापलीकडे पृथ्वीचा बाक आड येतो, पण आभा त्यावरूनही दिसते. हल्ली किनाऱ्यावर हॉटेलांचे इतके हॅलोजन झालेत की त्यातून बत्ती वेचून काढायला लागते, असं बोटीवर जाणारा माझा दीर सांगतो.

मध्ये एका रात्री ‘किल्ला’ पण परत बघितला, अविनाश अरुणचा. मित्र त्यातल्या मुलाला भर पावसात किल्ल्यात सोडून जातात तो प्रसंग मला अजूनही बघवत नाही. कोकणातला पाऊस इतका खरा मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही.

पण बत्तीच्या सिनेमांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती आबांमुळे आहे. सगळे कॅमेरे आत, वर, रखवालदारापाशी. त्याचा एकांत, त्याचं वेड, त्याचं पाप. “बत्तीकडे बगणारे खंय गेले गो?” त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री दोन वाजता भिजलेला तांडेल, सुकाणूवर एक हात, ओठांत आकडे, मागे झोपलेले खलाशी, आणि पुढची बत्ती देवगडची की विजयदुर्गाची हे ठरवायला चार फेऱ्यांचा वेळ. यावर आख्खा सिनेमा होईल. पुढचा शनिवार मोकळा ठेवलाय, असा सिनेमा मिळेपर्यंत शोधत राहणार. भाषा कुठलीही चालेल, आबांना मी सांगत जाईन.