रीलोडिंग नाही, तर पेलेट तरी नीट पारखा

परदेशातले काडतूस रीलोडिंगचे, म्हणजे वापरलेली रिकामी काडतुसं पुन्हा भरण्याचे व्हिडिओ पाहून इथेही बरेच जण विचारतात, घरी करता येईल का? नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायलाच परवाना लागतो. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून रिकामी काडतुसं घरी भरायची मुभा मिळत नाही.

पण रीलोडिंगमागचा खरा हेतू असतो आपल्या नळीला मानवेल अशी गोळी शोधणं. 10 मीटर एअर रायफलमध्ये, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीच्या नेमबाजीत, ते काम पूर्ण कायदेशीरपणे करता येतं. तिच्यातली शिशाची छोटी गोळी म्हणजे पेलेट. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या या कोल्हापूर जिल्ह्यात पोरं रायफलवर लाखो रुपये घालतात आणि पेलेट मात्र दुकानात असेल तो उचलतात, याची हळहळ वाटते.

आधी कायद्याचं. 4.5 मिमी, म्हणजे 0.177 इंच बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. 0.22 बोअरच्या एअरगनला परवाना लागतो, इथे लोक हमखास गफलत करतात. ऊर्जा काढायला पेलेटचं वजन ग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि 2000 ने भागा. 0.53 ग्रॅमचा पेलेट सेकंदाला 175 मीटरने गेला तर सुमारे 8.1 जूल. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, मर्यादेच्या बरीच आत असते. खरेदीची पावती रायफलच्या पेटीतच ठेवा.

आता पेलेट. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात, ते पेलेटच्या डोक्याच्या व्यासाचे. कुठला चांगला हे नळी ठरवते. एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळा आकडा मागतात. त्याहून महत्त्वाचा डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या पेलेटचा क्रमांक, कारण तोच आकडा असला तरी लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, बदलतो.

चाचणीसाठी रायफल शिकंज्यात पक्की करा, जबड्यांना रबर लावा. लॉट बदलला की पहिले 10 शॉट सोडून द्या, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग प्रत्येक लॉटचे 5-5 शॉटचे चार ग्रुप घ्या. ग्रुपच्या भोकांची बाहेरची रुंदी व्हर्नियर मोजपट्टीने मोजून त्यातून पेलेटचा व्यास, 4.5 मिमी, वजा करा. उरलेला आकडा दीड मिमीच्या आसपास असेल तर तो लॉट एकदम दहा डबे उचलावा. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा आणि पेलेटची कड लागली तरी दहा, म्हणजे केंद्रापासून 2.5 मिमीची सूट. पेलेटच जर चार मिमी पसरत असेल तर ती सूट नेमबाजाच्या हाताला फारशी उरत नाही. एकच ग्रुप घेऊन निर्णय घेऊ नका, नशिबाने कुठलाही लॉट एकदा छान पडतो.

डबा आपटला की पेलेटचा मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, चेपतो. उजेडाकडे धरून तो गोल आहे का बघा, अंडाकृती दिसला की बाजूला काढा. 0.001 ग्रॅमचा काटा घेऊन वजनं करत बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात खरी अडचण दमटपणाची. हातपंपाने रायफलचा हवेचा सिलिंडर भरला तर हवेबरोबर पाणीही आत जातं आणि आतून गंज धरतो. ओलावा शोषणारा फिल्टर लावा किंवा कोरड्या हवेच्या मोठ्या सिलिंडरवरून सावकाश भरा. घाईत भरलं की सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर 200 बार (हवेच्या दाबाचं एकक) चे 180 दिसतात. जोडावर साधं तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला, म्हणजे जोडातल्या रबरी कड्याला, फक्त सिलिकॉन ग्रीस. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली की तो भरायचाच नाही, वरून कितीही नवा दिसू दे.

उघडे डबे जून ते सप्टेंबर हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. शिशावर पांढरी पूड दिसली की तो डबा सरावालाही नको. ती पूड विषारी असते, हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका.