अडीच सूत

नवी मोटरसायकल दारात उभी राहिली की सोसायटीतला प्रत्येक माणूस येऊन तिचं काहीतरी दाबून बघतो. कुणी सीट दाबतं, कुणी पुढचं शॉकअप, कुणी उगाचच हॉर्न. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न तर झेंडूचा हार उतरायच्या आधीच येतो. एवढ्या सगळ्यात, हँडल ज्या चार बोल्टांनी धरून ठेवलंय त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

माझंही लक्ष गेलं नसतं. गेलं ते पाठीमुळे. माझी उंची जरा जास्त आणि गाडीचं हँडल जरा खाली. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर पुढे झुकून बसलं की घरी उतरल्यावर सरळ व्हायला भिंत लागते. त्यावर उपाय म्हणजे राइझर. हँडलच्या पाइपाखाली २० मिलिमीटर उंचीचे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे घालायचे, की हँडल तेवढं वर येतं. नाना पेठेत ते सहज मिळतात. ठोकळे चांगलेच होते. सोबतच्या पाकिटात चार लांब अ‍ॅलन बोल्ट होते, डोक्यात षटकोनी खाच असलेले आणि इतके चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. डोक्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं : ए२-७०.

हे आकडे म्हणजे बोल्टची जन्मपत्रिकाच असते. ए२-७० म्हणजे स्टेनलेस. त्याचा एक चौरस मिलिमीटर छेद तुटायला ७०० न्यूटन जोर लागतो. पण तुटण्याच्या बरंच आधी, ४५० च्या आसपास, तो कायमचा ताणला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. गाडीबरोबर आलेल्या काळ्या, दिसायला गरीब बोल्टवर ८.८ होतं. म्हणजे तुटायला ८००, आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० पर्यंत ताणलं तरी सोडल्यावर जागेवर. चमकणारा तो कमजोर, काळा तो दणकट. लग्नाच्या स्थळांबद्दल आजी हेच सांगायची, पण ते असो.

ताणण्याचं एवढं कौतुक कशासाठी? कारण आवळलेला बोल्ट हा ताणलेलाच असतो. केसाएवढा का होईना, तो लांबतो, आणि परत आखडायच्या त्या ओढीनेच हँडलचा पाइप दाबून धरतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ह्या बोल्टसाठी आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, २५ न्यूटन-मीटर दिलाय. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर, बस्स. तेवढ्याने ८ मिलिमीटरचा, म्हणजे एम-८, एक बोल्ट जवळजवळ दीड टनाने खाली दाबतो. ८.८ ला हे हसत जमतं. ए२-७० मात्र तिथे जेमतेम काठावर उभा असतो, आणि वरून कुणी ‘अजून जरा’ म्हणालं की संपलं.

मग मोर्चा बोहरी आळीकडे. तिथे नट-बोल्ट अजून तराजूत तोलून मिळतात आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याला किती कळतं हे काउंटरवरचा माणूस ओळखतो. मी सांगितलं, “शेठ, एम-८, ५५ लांबीचा अ‍ॅलन बोल्ट, हायटेन.” हायटेन म्हणजे हाय टेन्साइल, तोच दणकट ८.८ वाला. शेठनी आतल्या पोराला हाक दिली, “अडीच सूत दाखव रे!”

इथे सावध व्हायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ८ च्या इतकं जवळ की डोळ्यांना फरक कळणार नाही. पण जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज कारागिराने १८४१ मध्ये आट्यांचं जे माप ठरवून दिलं, त्यात ह्या जाडीला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर. एम-८ मध्ये ते १.२५. परिणाम असा, की अडीच सुताचा बोल्ट एम-८ च्या भोकात एक-दोन फेरे अगदी गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडतो. अडला की आपल्याकडचा शिरस्ता ठरलेला : पान्याला पाइप लावायचा आणि रेटायचं. बोल्ट जातो. भोकातले आटेही जातात.

गंमत म्हणजे सगळे बोल्ट मिलिमीटरचे झाले, तरी ज्याला ते धरतात तो हँडलचा पाइप बहुतेक गाड्यांवर अजून २२.२ मिलिमीटरचा आहे. म्हणजे पाऊण इंच आणि वर एक सूत. शेठचं अगदीच चुकत नव्हतं.

“अहो, स्टीलचा न्या ना, पावसात गंजत नाही,” हेही ऐकून झालं. खरं आहे ते. काळा बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात तांबूस दिसायला लागतो, त्याला अधूनमधून तेलाचं बोट लावावं लागतं. लावू.

५५ ही लांबी कुठून आली? पाकिटातले बोल्ट ६५ चे होते. मूळचा बोल्ट ३५ चा. तो काढला आणि भोकात पूजेतली उदबत्तीची काडी घालून, कडेशी नखाने खूण करून पट्टीवर धरली : खोली १९ मिलिमीटर. मूळ बोल्ट त्यात १५ जात होता. ठोकळा २० चा, म्हणून ५५ चा बोल्ट पुन्हा १५ च आत जाणार. ६५ चा २५ जाऊ बघेल आणि तळाला टेकेल. टेकलेला बोल्ट फार फसवा. हाताला तो दगडासारखा घट्ट लागतो, पण त्याचं डोकं हँडल धरणाऱ्या क्लॅम्पला नीट दाबतच नाही. खड्ड्यात हँडल फिरलं की मग कळतं.

बसवायचं काम त्यामानाने किरकोळ. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवून आत घ्यायचे. आटे जुळले असतील तर ते लोण्यासारखे जातात. हँडलवरचा ठिपका क्लॅम्पच्या फटीशी जुळवायचा. माझ्या गाडीला पुढचे दोन आधी पूर्ण आवळायचे आणि मग मागचे, म्हणजे फट मागेच राहते; काही गाड्यांना दोन्हीकडे सारखी ठेवायची असते, ते पुस्तिकेत बघावं. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, एवढं पाहायचं. टॉर्कचा पाना ‘कट्’ म्हणाला की थांबायचं. हे थांबणं मात्र आपल्या हाताला सोसत नाही. घट्टपणाबद्दल आपल्याला भलताच आदर आहे. गॅसची कॉक, लोणच्याची बरणी, कुकरच्या हँडलचा स्क्रू, सगळ्याला शेवटचा एक पीळ दिल्याशिवाय घास गोड लागत नाही.

पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला गाडी दिली. दुपारी काचेपलीकडून बघतो तर मेकॅनिकने लांब टी-पाना हँडलवर लावलेला. मी धावत आत गेलो. म्हटलं, “दादा, ते टॉर्कवर आहेत, राहू द्या.” तो प्रेमाने हसला. “हो का? मग काळजीच नको,” म्हणाला, आणि चारही बोल्टांना पाव-पाव फेरा देऊन मोकळा झाला.

घरी येऊन चौघेही सैल करून पुन्हा २५ वर आणून ठेवले. पुढच्या वेळी जॉबकार्डवर मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहे : हँडलच्या बोल्टना हात लावू नये. सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराच्या टेबलावर ते नक्की वाचलं जाईल. पाना ज्याच्या हातात असतो, त्याच्यापर्यंत जॉबकार्ड जातं की नाही, हे जरा विचारून घ्यायला हवं.