कसुती शिकताना बोटं पटापट शिकली, मान काही शिकेना

भरतकाम केलं की मन शांत होतं असं सगळे सांगतात. मला कसुतीने सुरुवातीला शांत बिंत काही केलं नाही, उलट रात्री डोळे मिटले तरी मॅटीची, म्हणजे जाड उभ्याआडव्या विणीच्या कापडाची, भोकंच दिसायची. कसुती हे धारवाडकडचं भरतकाम, इरकली साड्यांवर बघितलेलं, पण शिकायला मॅटीच बरी, धागे मोजता येतात. कारण कसुतीत छापलेलं डिझाईन नसतं, गाठ मारायची नसते, सगळं मोजून. गवंती या तिच्या एका प्रकारात एक टाका वर एक खाली असं जायचं आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी सेम दिसतं.

पहिले काही आठवडे नुसतं अंग आखडायचं. सुई इतकी घट्ट धरायचे की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची, आणि दात आवळून बसलेय हे तर आईने सांगितल्यावर कळलं. नेढ्याकडून ढकलून ढकलून मधल्या बोटाचं टोक हुळहुळं झालं, अंगुस्तान घातलं तर सुईचा अंदाजच येईना, काढून ठेवलं. मग तिथली कातडी हळूहळू जाड झाली, रोज दाब पडला की होतेच, आता काही वाटत नाही.

पण खरी कमाल कापड ताणून धरणाऱ्या रिंगखालच्या हाताची! आधी दर टाक्याला रिंग उलटून बघायचे. आता तो हात न बघता बरोब्बर भोकात सुई घालतो, मला विचारतसुद्धा नाही. हे कधी जमलं ते सांगता येणार नाही, पण त्याच सुमाराला पकड सैल झाली आणि अंगठा दुखायचा थांबला.

मोजायचंही तसंच. आधी तोंडाने एक दोन तीन चार, मध्ये कोणी हाक मारली की गेलं. आता चार धागे डोळ्याला एकदमच दिसतात, मोजावं लागत नाही, मग डोकं धाग्याच्या रस्त्याचा विचार करायला मोकळं, म्हणजे गोपुराच्या नक्षीची कुठली फांदी आधी घेतली की परतीत अडकणार नाही वगैरे. ती शांती का काय म्हणतात ती मला इथे भेटली, कोडं सोडवताना.

मान मात्र ढिम्म. डोळेही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, त्याला सरावाचा उपयोग नाही, चष्मा लागतोच. शिवाय एकटक बघताना पापण्या कमी लवतात म्हणून चुरचुरतात. 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं हा नियम पाळते, मांडीवर उशी घेऊन रिंग वर आणते, आणि खिडकी डाव्या हाताला, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही.

सध्या नेगी हा कसुतीचाच दुसरा प्रकार घेतलाय. नेगी विणल्यासारखी दिसते, टाके लहानमोठे, परतीचा प्रवास नाही, त्यामुळे बोटांना आधीचं फारसं काही कामाला येत नाहीये. परत मोठ्याने मोजणं चालू, घरातले टीव्हीचा आवाज वाढवतात.